हप्ता सातबाऱ्याला, घाम कुळाचा

सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसे टाकल्याची बातमी आली की गावच्या पारावर दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक, खिशातला मोबाईल काढून बँकेचा निरोप आला की नाही हे पाहणारी. दुसरी, त्याच पारावर बसून पहिल्यांच्या तोंडाकडे पाहणारी. पहिल्यांच्या नावावर सातबारा आहे, दुसऱ्यांच्या हातांना घट्टे आहेत. ज्यांच्याजवळ दोन्ही आहे त्यांचे बरे चालले आहे असे नाही, पण त्यांचे गाऱ्हाणे आज बाजूला ठेवू. आज आम्ही लिहिणार ते नुसत्या घट्टेवाल्यांविषयी. हे वाचून आमच्याच वाचकांपैकी काही खातेदार आमच्यावर रागावतील, हे ठाऊक असूनच लिहीत आहो.

योजना काय आहे ते प्रथम सांगतो, कारण पुष्कळांना ती हप्त्याच्या रकमेपलीकडे ठाऊक नसते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी १ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्राच्या अंदाजपत्रकात जाहीर झाला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस गोरखपूर येथे पहिला हप्ता सुटला. वर्षाला ६ हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. आरंभी ही मदत पाच एकरांच्या आतल्या लहान शेतकऱ्यापुरती होती. लोकसभेची निवडणूक आटोपताच ती अट उठली आणि पन्नास एकर जिरायतीचा धनीही त्याच रांगेत येऊन उभा राहिला. महाराष्ट्र सरकारने आपले आणखी ६ हजार त्यावर घातले. त्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीस सुटला. दोन्ही मिळून वर्षाचे १२ हजार, म्हणजे दिवसाचे तेहतीस रुपये. एवढ्यात कोणी गब्बर होत नाही, पण बियाणाच्या दुकानात उधारी मागताना मान थोडी कमी वाकते, हे आम्ही नाकारीत नाही.

आता अटी पहा. सरकारी नोकर नको, चतुर्थ श्रेणीचा असल्यास चालेल. प्राप्तिकर भरणारा नको. दहा हजार किंवा अधिक पेन्शन खाणारा नको. धंदा करणारा डॉक्टर, वकील, इंजिनियर नको. या गाळण्या ठीकच आहेत. परंतु सगळ्यांच्या आधीची चाळणी अशी की १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या दप्तरात तुमचे नाव पाहिजे. त्यानंतर जमीन आली असेल तर ती वारसानेच आलेली पाहिजे. शेतात कोण उतरतो, नांगर कोण धरतो, कांद्याचे रोप चिखलात वाकून कोणाची बायको लावते, याविषयी एक प्रश्न नाही. शेतकरी म्हणजे शेत करणारा, असे आम्ही समजत होतो. सरकारी कोशात शेतकरी म्हणजे उतारा बाळगणारा.

या चाळणीतून काय गाळले गेले आणि काय राहिले, तेही एकदा उघड झाले आहे. जानेवारी २०२१ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली केंद्राकडूनच आकडा बाहेर आला की २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. म्हणजे कर भरण्याइतकी मिळकत असलेला मनुष्य आत शिरला, कारण त्याच्याजवळ उतारा होता. आणि ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी मोजून थापतात तो बाहेर राहिला, कारण त्याच्याजवळ तो नव्हता. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ती म्हण आमच्या आज्यांनी जात्यावर बसून केली असावी, पण ती जणू या कामासाठीच राखून ठेवली होती!

हा प्रश्न साऱ्या देशाचा आहे. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ साली जमिनींची मोजदाद केली, तेव्हा खेड्यांतल्या कसणाऱ्या शंभर खात्यांपैकी सतरांत दुसऱ्याकडून घेतलेली जमीन आढळली. हे तोंडाने कबूल केलेले झाले. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात या प्रश्नाला जी धार आली आहे ती इतरत्र क्वचित दिसेल. येथे जमिनीचा भाव पिकावर ठरत नाही. रस्ता कोठून जाणार आणि कारखाना कोठे येणार यावर ठरतो. १९५४ साली पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना आला, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, आणि पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे ही गावे १९९७ साली महानगरपालिकेत गेली. या साऱ्या टापूत आज कितीतरी शेते अशी आहेत की ज्यांचा मालक पुण्यात राहतो, किंवा गावातच राहतो पण कंपनीत पाळी करतो, किंवा जमीन घेऊन भाव चढण्याची वाट पाहत बसला आहे. शेत मात्र पडीक नसते. कोणीतरी ते खंडाने किंवा वाट्याने करतो. मेथी-कोथिंबीर काढतो, गवत करतो, झेंडू लावतो, कांदा घालतो.

आणि गंमत अशी की हप्त्याच्या नियमांप्रमाणे शहराच्या हद्दीतली जमीनही चालते, फक्त ती खरोखर वहितीखाली पाहिजे. म्हणजे कुळाने कसली म्हणून ती शेतजमीन राहिली, शेतजमीन राहिली म्हणून मालक शेतकरी ठरला, शेतकरी ठरला म्हणून हप्ता आला. त्या हप्त्यात कुळाचा वाटा शून्य.

आमच्या ओळखीचा एक गृहस्थ आहे. नाव छापीत नाही, कारण छापले तर येत्या हंगामात त्याला जमीन मिळायची नाही. भामेच्या खोऱ्यातला हाडाचा कुणबी. वडिलांची जमीन कारखानदारीत गेली. आलेला पैसा भावाभावांत, बहिणीच्या लग्नात आणि दवाखान्यात कसा विरघळला ते सांगत बसत नाही, प्रत्येक घरी ती कथा आहे. हा गडी रात्री एका गोदामात कंत्राटी मजूर म्हणून माल चढवतो आणि दिवसा दुसऱ्याची दोन एकर खंडाने करतो. २०२३ च्या फेब्रुवारीत कांद्याचे जे झाले ते वाचकांना आठवत असेलच. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटल कांदा नेला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला, ही बातमी त्याच महिन्यातली. आमच्या माणसाने साठ क्विंटल कांदा चाकणला घातला. खेड बाजार समितीच्या त्या आवाराला महात्मा फुल्यांचे नाव आहे. पट्टी त्याच्या स्वतःच्या नावाची झाली.

मार्चमध्ये सरकारने अनुदान जाहीर केले. आधी क्विंटलला ३०० रुपये म्हणाले, ओरड झाल्यावर ३५० केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या दोन महिन्यांत विकलेल्या कांद्यास, एका शेतकऱ्यास २०० क्विंटलपर्यंत. आमच्या माणसाच्या साठ क्विंटलांचे २१ हजार होत होते. तो पट्टी घेऊन गेला. पट्टी खरी, कांदा खरा, विकणारा खरा. विचारले, सातबारा कोठे आहे? त्याने खरे ते सांगितले की जमीन खंडाने आहे. अर्ज घेणारा मनुष्य वाईट नव्हता, त्याने उलट सल्ला दिला की मालकाचा उतारा आणा आणि मालकाच्याच खात्यावर पैसे घ्या. नियमातही तशी वाट एका प्रकारच्या लोकांसाठी होती: उतारा बापाच्या नावे आणि पट्टी मुलाच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावे असेल, तर संमतीचे शपथपत्र करावे, आणि पैसे ज्याच्या नावे उतारा त्याच्या खात्यात जावेत. घरातल्यांची ही गत, मग परक्याची काय कथा! मालकाला विचारले तर तो म्हणाला, “उतारा दिला तर उद्या तू माझ्या जमिनीवर कूळ लावशील.” त्या २१ हजारांचा अर्ज शेवटी झालाच नाही. पट्टी अजून त्याच्या घरी देवाच्या फोटोमागे खोचलेली आहे.

मालकाच्या त्या एका वाक्यात सगळ्या दुखण्याचे मूळ आहे, म्हणून तेथे जरा थांबतो.

१९४८ साली मुंबई इलाख्यात कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्याला पुढे दात आले आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो दुसऱ्याची जमीन कायदेशीर कुळ म्हणून कसत होता तो तिचा खरेदीदार समजला गेला. न्यायाधिकरणाने किंमत ठरवावी आणि कुळाने ती हप्त्यांनी फेडावी. या कायद्याने हजारो कुणब्या-माळ्यांची घरे उभी राहिली. आज जे खातेदार म्हणून ताठ मानेने तलाठ्याच्या कचेरीत जातात, त्यांतल्या कित्येकांचे आजे त्या दिवसापर्यंत दुसऱ्याच्या वाड्यावर खंडाचे धान्य पोचवीत होते. हा कायदा आमच्या माणसांच्या पुण्याईचा आहे, त्याला आम्ही बोल लावीत नाही.

परंतु त्याची दुसरी बाजू अशी की नव्याने कूळ लागले तर त्यालाही खरेदीचा हक्क मिळू शकतो, ही भीती मालकाच्या मनात कायमची बसली. म्हणून कोणी लिहून देत नाही. व्यवहार तोंडी, पैसे रोख, साक्षीदार नाही, आणि दर वर्षी शेत बदलून द्यायचे म्हणजे कोणाची वहिवाट पडायला नको. जुन्या उताऱ्यावर ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना असे. त्या एका रकान्यासाठी गावात डोकी फुटली आहेत. आता १५ ऑगस्ट २०२१ पासून सगळ्या राज्यात मोबाईलवर पीक पाहणी आली. तीत खातेदार आपल्या खात्यावर पीक चढवतो. कुळाने पिकवलेला कांदा मालकाच्या बोटाने मालकाच्या नावे उगवतो! पीक विम्यात खंडकऱ्यासाठी दार ठेवले आहे खरे, पण आत जाण्यास नोंदणी केलेला भाडेकरार पाहिजे. तोंडी बोलीवर शेत देताना जो चार लोकांत बोलत नाही, तो नोंदणी कचेरीत जाऊन सही करील काय?

कसेल त्याची जमीन म्हणणारा कायदा, आणि त्याच्याच धाकाने कसणारा कागदावरून नाहीसा झाला. जेथे एकराचा भाव कोटीत बोलला जातो तेथे तर मालकाने कुळाची सावलीसुद्धा उताऱ्यावर पडू दिली नसती.

येथे आम्हांस आपल्याच लोकांना दोन शब्द सांगणे भाग आहे. ज्याचा आजा कूळ म्हणून मालक झाला, तो नातू आज आपल्या कुळाला म्हणतो की बाजारात माझ्या नावाने पट्टी कर, म्हणजे माझे अनुदान बुडायला नको. हे आम्ही कानांनी ऐकले आहे. सावकाराच्या कुलकर्ण्याला नावे ठेवणारे आम्ही, आमच्या घरात तो कुलकर्णी केव्हा येऊन बसला हे आम्हांला कळलेसुद्धा नाही. सगळे मालक असे आहेत असे आम्ही म्हणत नाही. अर्ध्या एकराची विधवा आहे, तिला दुसरा गडी नाही म्हणून ती वाट्याने देते. तिचे हप्त्याचे दोन हजार तिच्याकडून काढून घ्या असे म्हणणारा मनुष्य आमच्या दारात उभा राहू नये. नांगराच्या मुठीने बोटे घासून गेलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा यंत्र ओळखीना, त्यापायी त्याचा हप्ता अडकला. २०२३ मध्ये तोंड दाखवून ओळख पटवण्याची सोय निघाली तेव्हा कोठे काहींची सुटका झाली. अशांचे भांडण कुळाशी नाही, आणि कुळाचेही अशांशी नाही.

आता सरकारला एक विचारतो. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जे कारखाने आहेत ते कोणाच्या जमिनीवर आहेत? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६१ च्या कायद्याने जमिनी घेतल्या आणि कारखानदारांना ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. म्हणजे आमच्या शेतावर उभा असलेला तो मोठा कारखाना महामंडळाचे कूळच आहे, नुसते बूट घातलेले. आणि कारखान्यांना सवलती देण्याची सामूहिक प्रोत्साहन योजना या राज्यात १९६४ पासून चालत आली आहे. (ती निघाली मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याच्या बाहेर कारखानदारी जावी म्हणून, पुढे मोठ्या प्रकल्पांसाठी तिचे हात कसे लांब झाले ते निराळे पुराण आहे.) त्या सवलती देताना सरकार काय पाहते? भांडवल किती घातले, माल किती विकला, कर किती भरला. जमिनीचा मूळ मालक कोण, त्याच्याच खात्यावर पैसे टाकू, असे कोणी म्हणत नाही. जो माल काढतो त्याला मदत. हाच न्याय कांदा काढणाऱ्याला का नाही?

कारखाना नको तर लोहाराकडे चला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने विश्वकर्मा योजना काढली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी असे अठरा धंदे. अवजारांसाठी १५ हजार, आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज पाच टक्के व्याजाने. तिच्या कारभाराविषयी आम्हांस बोलायचे आहे ते पुढे केव्हातरी. आज एवढेच पहा, की तीत लोहाराला विचारीत नाहीत की भट्टीखालची जागा तुझ्या मालकीची आहे का. हाताने व अवजाराने तो धंदा करतो की नाही, एवढे पाहतात. ऐरणीवरून लोहार ओळखू येतो, चाकावरून कुंभार ओळखू येतो, आणि नांगरावरून शेतकरी तेवढा सरकारला ओळखू येत नाही.

दुसऱ्या प्रांतांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी ४ हजार हंगामाला देणारी रयतू बंधू योजना काढली आणि कुळांना तीतून सरळ वगळले. ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त. ओडिशाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात कालिया योजना ठरवली, तीत वाटेकऱ्यांना धरले आणि भूमिहीन घरांनाही शेळ्या, कोंबड्या अशा जोडधंद्यासाठी १२,५०० रुपये ठेवले. आंध्राने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदा केला. मालक आणि कूळ यांनी अकरा महिन्यांचा करार करायचा, कुळाला एक कार्ड मिळायचे, त्यावर कर्ज, विमा, नुकसानभरपाई. आणि त्या कार्डाने जमिनीच्या मालकीला केसाचाही धक्का लागणार नाही, असे कायद्यातच लिहिले. तेथेही मालकाची सही लागते म्हणून पुष्कळ कुळे बाहेर राहिली, हे खरे. परंतु मालकाची भीती आणि कुळाची गरज ही दोन्ही एका कागदावर मांडण्याचे धाडस त्यांनी केले. आमच्याकडे १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो निघतो जमिनीच्या खात्यावरूनच. कुळाला ओळख नाही ती नाहीच.

कोणी म्हणेल की उतारा सोडला तर खोट्या कुळांचा बाजार भरेल, आज कसणारे दहा असतील तर अर्ज शंभर येतील. ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर सरकारने स्वतःच देऊन ठेवले आहे. २०२३ च्या कांदा अनुदानात मोबाईलवर पीक पाहणी केलेले लोक फार थोडे निघाले. तेव्हा सरकारने अट सैल केली आणि गावोगाव तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक अशा तिघांची समिती नेमून कांदा खरोखर होता की नव्हता याचा दाखला घेतला. शेतात कांदा होता हे ज्या तिघांना गावात विचारून ठरवता येते, त्यांना तो कोणी केला हे ठरवता येत नाही काय? गावात कोणाचे शेत कोण करतो हे शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल. ठाऊक नाही ते फक्त दप्तराला.

आमचे मागणे मोठे नाही. वर्षाचे १२ हजार मालकाकडेच राहोत, त्यावर आज आम्ही हात घालीत नाही. परंतु जी मदत पिकाशी बांधलेली आहे, म्हणजे बाजार पडल्याचे अनुदान, गारपिटीची आणि अतिवृष्टीची भरपाई, विम्याचे पैसे, ती ज्याचे पीक गेले त्याला मिळाली पाहिजे. त्यासाठी एका हंगामापुरती कसणाऱ्यांची निराळी वही गावात ठेवावी. त्या वहीतल्या नोंदीने कुळहक्क उत्पन्न होणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहावे, म्हणजे मालकाला झोप लागेल. बाजार समितीची पट्टी आणि त्या तिघांचा दाखला एवढे पुरे समजावे.

गावची ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीस भरते. ज्यांच्या गावात दहा घरे तरी खंडाने करीत असतील त्यांनी हा विषय लेखी द्यावा. कुळांनी एकट्याने उठून बोलू नये, मालकांपैकी दोघा शहाण्यांना आधी भेटून अनुमोदनास उभे करावे. असे दोघे प्रत्येक गावात निघतात असा आमचा अनुभव आहे. ठराव साधा असावा: “आमच्या गावात चालू हंगामात दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची यादी ग्रामसभेने वाचून कायम केली असून, पिकाच्या नुकसानीची मदत या यादीप्रमाणे द्यावी व या यादीने जमिनीच्या मालकीस कोणतीही बाधा येऊ नये.” एक नक्कल तहसील कचेरीत आणि एक तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी, आणि दोन्हीकडे शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये.